शशशृंगाचा पंचनामा

महसूल खात्याच्या दफ्तरात उभी हयात घालविलेल्या मजसारख्या मनुष्याने निवृत्तीनंतर भाच्याच्या मित्रमंडळीत बसून राक्षसांची पैदास करावी, हे आमच्या सौभाग्यवतीस अद्याप पटलेले नाही. खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ प्रथम प्रसिद्ध झाला, आणि त्यात कथनाला मोठा मान असला तरी अखेरचा शब्द वीस पैलूंच्या फाशाचा असतो. भाच्याने डंजन मास्टरचे, म्हणजे सूत्रधाराचे, काम एका रविवारपुरते माझ्याकडे सोपविले आणि फर्माईश केली, ‘‘मामा, शिंगवाला ससा आणा, पण लोक घाबरले पाहिजेत.’’

न्यायशास्त्रात शशशृंग हे वंध्यापुत्र व आकाशपुष्प यांच्या पंक्तीतले, ज्याला अस्तित्वच नाही अशा वस्तूचे ठराविक उदाहरण. खेळात मात्र त्याच शिंगाची लांबी, त्याचा मार आणि सशाचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, आगाऊ नोंदवून ठेवावे लागतात, आणि नोंदी ठेवणे हा तर माझा पोटापाण्याचा धंदा होता. तेव्हा आधी पूर्वीचे दाखले तपासले.

तेराव्या शतकातील अल-कझविनी याच्या ‘अजाइब-उल-मख्लूकात’ या सृष्टीचमत्कारांच्या ग्रंथात एका बेटाची हकीकत आहे. तेथील महासर्पास रोज बैल द्यावे लागत. सिकंदराने बैलांच्या कातड्यांत गंधक, चुना व लोखंडी आकडे भरून त्याचा निकाल लावला, तेव्हा रहिवाशांनी दिलेल्या नजराण्यांत पिवळ्या रंगाचा, मस्तकावर एकच काळे शिंग असलेला ससा होता. त्याचे नाव अल-मिराज, आणि 1981 च्या ‘फीन्ड फोलिओ’ या पुस्तकातून तो खेळाच्या दफ्तरी दाखल झाला. मला त्या हकीकतीतले एकच कलम मोलाचे वाटले: त्याला पाहताच इतर जनावरे पळ काढीत. दुसरा दाखला शोकजनक. रिचर्ड शोप याने 1933 साली अमेरिकेतील रानसशांच्या अंगावर उगवणाऱ्या शिंगासारख्या गाठींचे कारण विषाणू असल्याचे दाखविले. त्या तोंडाभोवती वाढल्या की तो जीव उपाशी मरतो. करुणेचा विषय भयाच्या कामी लावणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून तो कागद बाजूस ठेवला.

रविवारी सशाचे नावही न घेता मी आरंभ केला. प्रथम लांडग्यांची टोळी मंडळींच्या अगदी जवळून, त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता, धावत गेली. पाठोपाठ अस्वल, आणि अस्वलामागून लंगडणारा वाघ. मेजाभोवतीची कुजबुज थांबली. मग मोकळ्या माळावर, गवत कुरतडीत बसलेला, पिवळा ससा. भाच्याचा योद्धा खो-खो हसत, तलवार न उपसताच पुढे सरसावला; सशाने सरळ रेषेत धाव घेतली, माझा फासा अठरावर स्थिरावला, आणि शिंग योद्ध्याच्या मांडीतून आरपार गेले.

एवढ्या मारावर काही तोड ठेवणे न्यायाचे होते, आणि ती मी खऱ्या सशाच्या देहरचनेतून उचलली होती. सशाचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बगलांना असल्यामुळे त्याला पाठीमागचेसुद्धा दिसते, परंतु नाकाच्या थेट समोरची थोडकी जागा दिसत नाही. म्हणून माझा ससा चाल करण्यापूर्वी दर वेळी मान वाकडी करून एका डोळ्याने अंतर अजमावीत असे. लक्षण मी सांगत होतो, कारण सांगत नव्हतो. वैदूची भूमिका घेतलेल्या एका अबोल मुलीने ते हेरले.

‘‘काका, तो समोर बघतच नाहीये. मी शिंगासमोरच जाऊन उभी राहते.’’

बाकीच्यांनी गिल्ला केला. तिने फासा टाकला, शिंगाच्या टोकापासून वीतभर अंतर गाठले आणि वरून घोंगडी टाकली. ससा जिवंत सापडला हे पाहताच जखमी योद्ध्याने शिंगाच्या बाजारभावाची चौकशी आरंभिली. मी दोनशे सुवर्णमुद्रा सांगितल्या, त्याने पाचशे मागितल्या. आणि शिंगाला कोणी हात लावायचा नाही असे मुलीने बजावल्यामुळे हा तंटा पुढील रविवारपर्यंत तहकूब झाला.