रक्षक वायू आणि घरचा हिशेब

लोखंड वितळले, की त्याचा मोठा शत्रू म्हणजे भोवतालची हवा. तिच्यातील प्राणवायू व नत्रवायू वितळलेल्या धातूत शिरले म्हणजे सांधा ठिसूळ होतो, त्याला छिद्रे पडतात. म्हणून कारागीर त्या तप्त बिंदूवर आर्गन वायूचे पांघरूण घालतो. हा वायू १८९४ साली रॅले व रॅम्से या शास्त्रज्ञांनी हवेतूनच शोधून काढला. तो कशाशीही संयोग पावत नाही. म्हणून त्याला ग्रीक भाषेतील 'आळशी' या अर्थाचे नाव मिळाले. पण या आळशाचे रक्षणकार्य केवढे मोठे!

आपल्या हैदराबादेत संत योसेफांचे कॅथेड्रल ज्या गनफाउंड्री भागात आहे, तेथे अठराव्या शतकात फ्रेंच सेनानी रेमाँ याने निजामासाठी तोफा ओतण्याचा कारखाना काढला होता. आज या शहरात तोफांऐवजी जिन्यांचे कठडे आणि खिडक्यांच्या जाळ्या घडतात. आणि पुष्कळ तरुण दिवसा कारखान्यात राबून संध्याकाळी घरीच 'आर्गन वेल्डिंग' करतात. असाच एक तरुण कर्जासाठी शिफारसपत्र मागावयास आला. त्याला मोठा सिलिंडर हवा होता. "फादर, लहान सिलिंडरची भरणी महाग पडते," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु मी म्हटले, "बाळ, आधी हिशेब मांडू." दर मिनिटास सुमारे १० लिटर वायू लागतो. रोज प्रत्यक्ष ज्योत पेटते ती वीसएक मिनिटे. बाकीचा वेळ कापण्यात, घासण्यात व जुळविण्यात जातो. सहा संध्याकाळी मिळून १,२०० लिटर झाले. लहान, १० लिटर पाण्याच्या मापाच्या सिलिंडरात दाबाखाली सुमारे १,५०० लिटर वायू मावतो. म्हणजे आठवडा निभावतो. मोठ्यात ७,००० लिटर मावतो; तो जवळजवळ सहा आठवडे पुरेल. पण त्याचे रिकामे वजनच पन्नास किलोंहून अधिक, आणि याचे घर दुसऱ्या मजल्यावर!

त्याहून गंभीर गोष्ट निराळी होती. काम चाले त्याच खोलीत रात्री त्याची वृद्ध आई आणि दोन लेकरे जमिनीवर निजत. दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. मोठ्या सिलिंडरातील ७ घनमीटर वायू गळाला, तर तिचा चौथा हिस्सा होतो. आर्गनला रंग नाही, वास नाही. शिवाय तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खालीच साचतो. निजलेल्याला श्वास कोंडल्याची जाणीवही होत नाही. धातूचे रक्षण करणारा वायू माणसाचा घात करू शकतो!

तरुण बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लहानच घेतो, फादर. गॅलरीत साखळीने बांधून उभा ठेवीन. जोडांना साबणाचे पाणी लावून गळती पाहीन." पत्र मी आनंदाने लिहून दिले, कर्जाची रक्कमही पुष्कळ उतरली.

वाचकहो, १९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा दिवस कामगार संत योसेफांचा सण म्हणून ठरविला. नाझरेथच्या त्या सुताराने आपल्या हातांच्या कष्टावर पवित्र कुटुंब पोसले. श्रम कुटुंबासाठी असतो. कुटुंब श्रमाच्या धोक्यात लोटण्यासाठी नव्हे.

या कारागिरीत आणखी दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. वायू प्रमाणाबाहेर जोराने सोडला, तर भोवरे उठून बाहेरची हवाच आत ओढली जाते; अतिरेकी रक्षण रक्षणच मोडते. आणि ज्योत विझल्यावरही धातू निवेपर्यंत काही क्षण वायू चालू ठेवावा लागतो. घरातील भांडणाचेही असेच आहे. शब्द थांबले म्हणून मने लगेच निवत नाहीत. तोवर मायेचे पांघरूण काढून घेऊ नये.