नाव कोणाचे घ्यायचे

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे प्रार्थनासप्ताह असतो. त्यातली एक संध्याकाळ पाळक आणि मिशनरी मिळावेत म्हणून मागण्यासाठी राखलेली. राळेगाव तालुक्यात तेव्हा कापसाची वेचणी पुरती आटोपलेली नसते. बाया दिवसभर वावरात वाकतात, घरी येऊन चूल पेटवतात आणि पाठ टेकतात. त्यामुळे ‘कामकरी थोडे आहेत’ असे देवाला सांगायला मी उभा राहतो, तेव्हा सतरंजीवर दोन-चार म्हातारी माणसे असतात. कामाची माणसे घरी निजलेली. ‘पीक फार, कामकरी थोडे’ हा मत्तयाच्या नवव्या अध्यायाचा शेवट आमच्या गावाला समजावून सांगावा लागत नाही. बोंडे फुटून लोंबताहेत, आभाळ भरून आलेय आणि वेचायला बाई मिळत नाही, म्हणजे काय ते इथे शेंबड्या पोरालाही कळते. शेतकरी मात्र अशा वेळी प्रार्थना करत बसत नाही. रात्रीच शेजारच्या गावी जातो, बाया ठरवतो, सकाळी गाडी पाठवतो.

हा सप्ताह आपल्या देशातून निघाला याचा मला उगाच अभिमान आहे. 1858 साली लुधियान्याच्या मिशनरींनी जगभरच्या मंडळ्यांना हाक दिली आणि 1860 च्या जानेवारीत तो पहिल्यांदा पाळला गेला.

प्रार्थना चालवणाऱ्याला स्तुती कुठे आवरावी, कबुली किती लांबवावी, हे मी सांगायला नको. माझे घोडे अडते ते एकाच जागी. ‘धन्या, कामकरी पाठव’ इथवर सगळे सुरळीत जाते. पुढे काय म्हणायचे? मी नुसते ‘आमेन’ म्हणणाऱ्यांतला नव्हे. पुढे मंडळीतल्या तरुणांची नावे घ्यायची, एकेक, सावकाश, मध्ये श्वास सोडून, ही माझी रीत होती. नावे आली की सभेत हुंदके ऐकू येत. माझ्या या प्रार्थनेची तारीफ पांढरकवड्यापर्यंत गेली होती आणि ती मला आवडत होती.

मग एक दिवस मंडळीतली एक बाई घरी आली. बसली नाही, दारातच म्हणाली, “पास्टर, त्या कामकऱ्याच्या प्रार्थनेत माह्या पोराचं नाव नका घेऊ जी.”

मी म्हणालो, “का हो बाई?”

“मागच्या हप्त्यात आमच्या घरी येऊन तुमीच त्याच्या वनरक्षक भरतीसाठी मागितलं ना? मंग देवानं कोनतं ऐकावं?” आणि वळता वळता, “तुमचा पोरगा पुन्यात कंपनीत हाय ना जी?”

ती भांडायला आली नव्हती. कापसाचा भाव तिला माहीत होता, आमच्या घरची चूलही तिने पाहिलेली होती. पाळकाचे घर कशावर चालते हे मंडळीइतके कोणालाच ठाऊक नसते.

नावे घ्यायचे मी सोडले. आणि प्रार्थनेतला जीवच गेला. ‘आमच्या तरुणांतून कोणीतरी उठू दे’ असे म्हणू लागलो. कोणीतरी म्हणजे दुसऱ्याचा. सगळ्यांनी मोकळ्या मनाने ‘आमेन’ म्हटले, तेव्हाच मला ते कळले.

मोठ्या शहरांतल्या सभांत ही अडचण येत नाही. तिथे स्टेजवरून हजार पाळक, लाख मिशनरी मागतात, मागे कीबोर्डवाल्याने सूर धरलेला असतो. आकड्याला आई नसते. या लोकांच्या तोंडी हडसन टेलर फार. टेलरने चीनसाठी वर्षात शंभर माणसे मागितली आणि 1887 साली 102 निघाली, हे खरेच आहे. पण मागणारा माणूस स्वतः 1854 मध्ये चीनला पोहोचला होता, एवढे मात्र स्टेजवर राहून जाते. पंडिता रमाबाईंनी 1905 च्या जानेवारीत केडगावात वेगळेच केले. नावे घेतली नाहीत, आकडा मागितला नाही. रोज प्रार्थनेला कोण बसणार एवढे विचारले. सुमारे 70 मुली पुढे आल्या, काही महिन्यांत त्या शेकड्यांनी झाल्या आणि त्यांच्यातूनच टोळ्या करून मुली खेडोपाडी सुवार्ता सांगायला निघाल्या. मी रमाबाईंसारखे विचारून पाहिले. छताचा पंखा तेवढा ऐकू आला.

याला आमच्या जिल्ह्याची सवयही कारणीभूत आहे, असे माझे मत. इथे माणसे नेहमी बाहेरूनच आली. 1953 साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली, देशभरची मुले पाळक व्हायला आमच्या उन्हात येऊन राहिली. 1983 साली सेमिनरी पुण्याला गेली. कारणे असतील, त्यात मी पडत नाही. पण काळ्या मातीतल्या गावांना पाळक शिकवणारी शाळा हाताशी होती ती गेली, याचे दुःख मी कोणापासून लपवलेले नाही. आता ‘पाठव’ म्हणताना आम्हा सगळ्यांच्या मनात केरळ नाहीतर ईशान्येकडचा कोणी असतो. त्याआधी मिशनरी समुद्रापलीकडून येत. त्यांतले गॉर्डन हॉल 1826 साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. स्टीफन हिस्लॉप नागपुरात अठरा वर्षे काढून 1863 साली टाकळघाटजवळ पाण्यात बुडाले. त्यांची नावे तिकडे कोणी प्रार्थनेत घेतली असतील, तर घरच्यांनी काय म्हटले असेल, हा विचार मला त्या बाईच्या आधी कधी शिवला नव्हता.

तिचा मुलगा अजून भरतीसाठी पहाटे वडकीच्या रस्त्याने धावतो. मध्यंतरी तोच म्हणाला, “पास्टर, मला प्रार्थना चालवायला शिकवा.” शिकवतो आहे. तो उभा राहतो, ‘कामकरी पाठव’ म्हणतो आणि थांबतो. पुढे काही नाही. मी कितीदा सांगितले, अरे, थोडे वाढव. तो मान हलवतो आणि पुढच्या वेळी तेवढेच म्हणतो. इतक्या वर्षांत मला जिथे थांबता आले नाही, तिथे तो सहज थांबतो, याचा मला हेवा वाटतो. माझा आवाज आता थरथरतो. ते वय आहे. मंडळीला वाटते, पास्टरवर आज आत्म्याचे ओझे होते. मी ती समजूत दुरुस्त करत नाही.

येत्या जानेवारीत ही सभा रात्री साडेआठला ठेवतो आहे, म्हणजे वावरातून आलेल्यांना जेवूनखाऊन येता येईल. नाव मी कोणाचेच घेणार नाही. ज्याला आपले नाव घालायचे असेल त्याने ते आपल्या तोंडाने घालावे. आणि आयांनो, तुम्हीही या. ‘पाठवू नको’ असे मागायचे असेल, तर तेही तिथेच मोठ्याने मागा.