पाचवा गिअर आणि मांजरसुंब्याचा घाट

बीडहून गेवराईकडे निघाले की रस्ता सपाट होतो. दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरलेली असते आणि एकेकाळी २११ क्रमांकाने ओळखला जाणारा, आता ५२ क्रमांकाचा झालेला महामार्ग वेगाचा मोह घालतो. पूर्वी आम्ही या वाटेने प्रीमियर पद्मिनीतून जात असू. तिला गिअर चारच. वेग वाढला की इंजिनाचा आवाज इतका चढे, की मागच्यांशी ओरडूनच बोलावे लागे. आता पाच गिअरच्या गाडीत त्याच वेगाला मुले निवांत झोपतात. आवाज कमी होण्याला इतरही कारणे आहेत. पण एक कारण साध्या गुणाकारात सापडते.

ताशी ९० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,५०० मीटर. चाकाचा घेर १.८ मीटर धरला, तर चाक मिनिटाला सुमारे ८३३ फेरे घेते. चाकाच्या एका फेऱ्यासाठी डिफरन्शियलला ४.२ फेरे लागतात असे समजू. चौथा गिअर एकास एक प्रमाणाचा असेल, तर इंजिनाला मिनिटाला ३,५०० फेरे घ्यावे लागतात. पाचव्याचे प्रमाण ०.८ असेल, तर २,८०० पुरतात. वेग तोच राहून ७०० फेरे वाचतात. आवाज घटतो, झीज कमी होते, इंधनही वाचते.

मात्र फेरे कमी झाले की चाकाला मिळणारी ओढही कमी होते. म्हणून बीडहून दक्षिणेला मांजरसुंब्याचा घाट लागला, की पाचव्या गिअरमध्ये गाडी धापा टाकू लागते. तिसरा टाकावा, इंजिन गरजते, पण गाडी चढते. त्या गरजण्याला नवशिक्याने भिऊ नये.

खरी परीक्षा उतारावर असते. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून साखर कारखान्यांकडे निघतात. भांड्यांच्या गाठोड्यांवर लेकरे बसलेली असतात. अशा वेळी डिझेल वाचविण्यासाठी कोणी चालक उतारावर गाडी न्यूट्रल करतो, तेव्हा साऱ्या वजनाचा भार एकट्या ब्रेकवर पडतो. ब्रेक तापले की त्यांची पकड सुटत जाते. खालचा गिअर असेल, तर इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. शिवाय आजच्या गाड्यांत गिअर न काढता अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, की इंजिनाकडे जाणारे इंधन जवळजवळ थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते ते जळतच राहते. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घालायचा, ती बचतही पदरात पडत नाही.

ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे जुने चालक सांगत. घरातील तरुण गाडी शिकू लागले, की आम्ही त्यांना गेवराईच्या सपाटीवर पाचवा गिअर दाखवितो आणि मग मांजरसुंब्याला नेऊन तिसऱ्यात उतरायला लावतो. दुसरा धडा झाल्याशिवाय किल्ली हाती देत नाही.