कामाला जाणारे गरीब

आमच्या कोकणात 'लंडनवाला' हा शब्द अजूनही पैशाशी जोडलेला आहे. माणूस बर्मिंगहॅमला असो की ब्लॅकबर्नला, गावासाठी तो लंडनवालाच. मशिदीच्या दुरुस्तीला त्यानं किती दिले, बहिणीच्या निकाहला काय पाठवलं, यावर त्याची पत ठरते. पैसे कमी आले तर तो कंजूस आणि हाताला काम नसेल तर आळशी. रोज कामावर जाऊनही माणूस ब्रिटनमध्ये गरीब राहू शकतो, ही शक्यता आपण विचारातच घेत नाही.

माझा एक मावसभाऊ मिडलँड्समधल्या एका गोदामात पार्सलं भरतो. नोकरी एजन्सीमार्फत मिळालेली, पण आठवड्याला किती तास काम मिळेल याची हमी नाही. रात्री मोबाइलवर मेसेज येतो, उद्या या किंवा उद्या येऊ नका. नाताळाच्या आधी त्याला उसंत नसते आणि जानेवारीत दहा-दहा दिवस बोलावणं येत नाही. घरभाडं मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला द्यावंच लागतं. खाला फोन करते तेव्हा तो एवढंच सांगतो, "सगळं खैरियत आहे."

तासांची हमी नसलेल्या अशा कराराला तिकडे 'झीरो अवर' म्हणतात. ब्रिटनमध्ये सुमारे दहा लाख लोक अशा करारांवर काम करतात. कामगार बांधलेला आणि मालक मोकळा, असा हा व्यवहार आहे.

हा प्रश्न नवा नाही. सीबोहम राउंट्री हे चॉकलेट कारखानदार घराण्यातले. यॉर्क शहरातल्या कामगार कुटुंबांची त्यांनी घरोघर पाहणी करवली आणि १९०१ साली तिचे निष्कर्ष पुस्तकरूपानं मांडले. निव्वळ जगण्यापुरतीही मिळकत नसलेल्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या घरातला कर्ता माणूस नियमित कामावर होता. दारू किंवा आळस नव्हे, तर तुटपुंजी मजुरी हे त्या गरिबीचं सर्वांत मोठं कारण निघालं.

त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, एप्रिल १९९९मध्ये, ब्रिटनमध्ये राष्ट्रीय किमान वेतन लागू झालं. प्रौढांसाठी तासाला ३.६० पौंड. एप्रिल २०२५मध्ये २१ वर्षांवरील कामगारांसाठी हा दर १२.२१ पौंड झाला. या कायद्यानं फार मोठ्या अन्यायाला आळा घातला, हे मान्य करायलाच हवं. तरीही तिथल्या गरीब मुलांपैकी दर दहांत सुमारे सात मुलांच्या घरातून कुणी ना कुणी कामावर जातं. कायदा तासाचा दर ठरवतो, पण तास किती मिळतील हे ठरवत नाही. भाडं, वीज-गॅस आणि लहान मुलांच्या पाळणाघराचा खर्च यांवर या दराचा काही उपाय चालत नाही.

ईशान्य इंग्लंडमधल्या टीससाइड भागाचं उदाहरण घ्या. मिडल्सब्रो हे तिथलं मुख्य शहर. सिडनीच्या प्रसिद्ध हार्बर पुलाचं बरंचसं पोलाद तिथलं. पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांत एकेकाळी बाप-लेक पिढीजात नोकरी करत. पुढं ते कारखाने आटत गेले आणि २०१५मध्ये शेजारच्या रेडकारचा पोलाद कारखानाही बंद पडला. ट्रेसी शिल्ड्रिक, रॉबर्ट मॅकडोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातल्या लोकांशी सविस्तर बोलून २०१०मध्ये एक अहवाल मांडला. माणसं बेकारीत कायमची अडकलेली नव्हती, असं त्यांना दिसलं. ती कमी पगाराचं काम आणि बेकारी या दोन टोकांमध्ये वर्षानुवर्षं ये-जा करत होती. वृद्धांची देखभाल, साफसफाई, कारखान्यातलं हंगामी काम, जे मिळेल ते ती करत. सरकारी भत्ता मागायची लाज वाटते म्हणून काही जण तो टाळतही होते. छोट्या नोकरीतून माणूस हळूहळू वर चढतो असं म्हणतात, पण इथं ती नोकरी त्याला पुन्हा होता तिथंच आणून सोडत होती.

आज भत्त्यासाठी, म्हणजे 'युनिव्हर्सल क्रेडिट'साठी, नव्यानं अर्ज केला तर पहिले पैसे हातात पडायला साधारण पाच आठवडे लागतात. हातावर पोट असलेल्यानं तोवर काय खायचं? कर्ज काढायचं, नाहीतर फूड बँकेच्या दारात उभं राहायचं. ट्रसेल या संस्थेच्या फूड बँकांनी २०२३-२४ या वर्षात ३१ लाखांहून अधिक अन्नाची पाकिटं वाटली.

या चित्रात ब्रिटनमधले मुसलमानही मोठ्या संख्येनं आहेत. १९५० आणि ६०च्या दशकांत लँकेशायर-यॉर्कशायरच्या कापड गिरण्यांना रात्रपाळीसाठी माणसं हवी होती. मीरपूर आणि गुजरातमधून गेलेल्यांनी ती पाळी केली. पुढं गिरण्या बंद झाल्या आणि अनेकांच्या वाट्याला टॅक्सी किंवा टेकअवेचं काम आलं. २०११च्या जनगणनेनुसार ४६ टक्के मुसलमान इंग्लंडमधल्या सर्वाधिक वंचित १० टक्के स्थानिक परिषदांच्या हद्दीत राहत होते. भिवंडी-मालेगावच्या वाचकाला हे परकं वाटू नये. मागावर जेवढं कापड निघेल तेवढीच मजुरी आणि मंदी आली की माग बंद, हा हिशेब त्याच्या घरातलाच आहे.

रमजानमध्ये आपण झकातीविषयी भरभरून बोलतो. ब्रिटनमध्ये 'नॅशनल झकात फाउंडेशन' ही संस्था २०११पासून तिथली झकात तिथल्याच गरजू मुसलमानांना देते, हे मला मोलाचं वाटतं. श्रीमंत देशातही झकातीचे हकदार आहेत, हे त्यातून कबूल झालं. पण झकात हा उपाशी माणसाचा हक्क आहे, कमी मजुरी देणाऱ्या मालकाची सोय नव्हे. घाम वाळण्याआधी मजुराचा मोबदला द्या, या शिकवणीचा रोख देणाऱ्याकडे आहे, मजुराकडे नाही. मालकानं पुरेसे तास आणि पुरेशी मजुरी दिली नाही, तर त्याची कसर फूड बँक आणि झकात किती दिवस भरून काढणार?

म्हणून यंदा सुट्टीत लंडनवाला गावी आला की त्यानं काय आणलं हे नंतर विचारू. आधी विचारू, "बाबा, आठवड्याला तास किती मिळतात?"