‘करा’ म्हणजे कोणी?

तीस वर्षं मी लोकांच्या दुःखाच्या दारात उभा राहून आनंदावर बोललो. आज त्याची लाज वाटते.

मी पाळक नव्हे, शाळामास्तर. पण घराणं नगरकडचं, रेव्हरंड टिळकांच्या भजनांवर वाढलेलं. रेवदंड्यात नोकरीनिमित्त येऊन राहिलेली आमची चार-पाच मराठी ख्रिस्ती कुटुंबं. रविवारी कुणाच्या तरी पडवीत उपासना व्हायची आणि बोलायला मी उभा राहायचो. कुणाकडे मयत झालं, की पवित्र शास्त्र काखेत मारून पहिला मी हजर. उघडायचं पानही ठरलेलं. फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय चौथा, जिथे पौल सर्वदा आनंद करायला सांगतो. पौलाने हे बेड्यांत असताना लिहिलं आहे, मग तुम्हाआम्हाला काय झालं? हे वाक्य म्हणताना माझा आवाज जरा चढायचा.

१९९४ साली आमच्यातला एक तरुण माणूस अपघातात गेला. दोन लहान मुलं. त्याच्या बायकोलाही मी हेच ऐकवलं, तिसऱ्या दिवशी. ती माझ्याकडे बघत होती, पण बघत नव्हती. परत येताना आमची ही म्हणाली, “तुम्ही आज नसता बोललात तरी चाललं असतं.” मला राग आला होता. हिला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ जवळजवळ पाठ, आणि मला वाटायचं त्यातल्या विनोदामुळेच हिला श्रद्धेचं गांभीर्य कळत नाही. नवऱ्याने धर्म बदलला, संसार मोडल्यात जमा झाला, आणि ही बाई वाचकाला हसवते कशी, हे मला कधी उमगलंच नव्हतं.

२०२० च्या फेब्रुवारीत ही गेली. कर्करोग होता. मुंबईला खेपा घालून घालून दोघंही थकलो होतो. महिनाभरात टाळेबंदी लागली. १२ एप्रिलचा ईस्टर आला तेव्हा सगळी मंदिरं, चर्च, मशिदी बंद. फोनवरच्या गटात मात्र रोज सकाळी वचनं यायची, फुलांच्या चित्रावर लिहिलेली. त्यातलं निम्म्याहून अधिक माझंच ठरलेलं वचन. सव्वाशे मैलांवरून कुणीतरी मला आनंद करायला सांगत होतं आणि मी रिकाम्या घरात एकट्यापुरता भात लावत होतो. एके दिवशी मी तो गट सोडला. शास्त्र कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. प्रार्थना थांबवली असं म्हणण्यात अर्थ नाही, ती आपोआप थांबली. ख्रिस्ती आनंद म्हणजे ज्यांच्यावर वेळ आली नाही त्यांची मिजास, असं माझं मत झालं. ते मत बनवणारा माणूस स्वतः तीस वर्षं तेच करत आला होता, हे कळत होतं. म्हणून तर चीड जास्त.

३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं. आदल्या दिवसापर्यंत अलिबागचंच नाव घेत होते. वादळ दुपारी एकच्या सुमारास खाली दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, पण रेवदंड्याच्या आगरकोटाच्या तटाच्या आत आमच्या वाड्यांचं जे व्हायचं ते झालंच. माड वाकतात, प्रसंगी सावरतात. पोफळीचं तसं नसतं. उंच आणि सडसडीत, ती मधूनच मोडते. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. आवाज फटाक्यांच्या माळेसारखा. पोफळ लावल्यावर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं जातात. माझं वय तेव्हा एकसष्ट होतं. हिशोब मनातल्या मनात झाला आणि मी बाहेर बघायचं सोडून दिलं. छपराची अर्धी कौलं गेली होती. हिच्या पुस्तकांवर पाणी.

चौथ्या दिवशी दारात तिघं उभे. एक माझा जुना विद्यार्थी, कोर्लईचा, आता गवंडीकाम करतो. बरोबर त्याचे दोन भाऊ. साळाव पुलावरून मोटरसायकलवर ताडपत्री बांधून आणली होती.

कोर्लईच्या किरिस्तांवांबद्दल माझं मत काय होतं तेही सांगून टाकतो. पोर्तुगीज १७४० साली चौल-कोर्लई सोडून गेले, पण गावातल्या या शेतकरी कॅथलिकांच्या तोंडी त्यांची भाषा राहिली, मराठीच्या अंगाने वळलेली. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. जगभरचे भाषातज्ज्ञ तिच्यावर लिहितात. मी पुलापलीकडे तीसेक वर्षं राहून तिचे चार शब्द शिकलो नव्हतो. १६ जुलैचा माउंट कार्मेल मातेचा सण, मेणबत्त्या, मिरवणूक, गाणी, जेवणं, हे सगळं मला उथळ वाटायचं. धर्म म्हणजे वचन, असा माझा टेंभा.

तिघं छपरावर चढले. खाली मी वासा धरून. वर त्यांच्या भाषेत काहीतरी चाललं होतं आणि ते हसत होते. एकाच्या पायाखालून रीप सरकली, तर तिघंही जास्तच हसले. माझा तोल गेला. ओरडलो, “हसायला काय झालं? तुमची घरं उभी आहेत म्हणून?”

वरून उत्तर आलं, तेही शांतपणे. “नाही सर. आमचं छप्पर तुमच्यापेक्षा जास्त गेलंय. आई दोन दिवस रडतेय. आम्ही पण रडलो. ती कील द्या ना वर.”

मी कील दिली.

१६ जुलैला चर्च बंदच होतं. राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती थेट १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी. मला वाटलं, बरं झालं, यंदा तरी सण नाही. दुपारी तो पुन्हा आला. तोंडाला रुमाल, हातात डबा. “सणाचं आहे, सर.” घरात अजून वीज धड नव्हती, त्याच्या आईच्या डोक्यावर अजून ताडपत्रीच होती, आणि तिने सण केला होता. माझ्या वाटचाही. मी उभ्याउभ्या पातेल्यात काढून घेतलं. तो गेल्यावर बसून जेवलो. बऱ्याच दिवसांनी पोटभर.

संध्याकाळी वरच्या फळीवरून शास्त्र काढलं. श्रद्धा परत आली वगैरे काही नाही, एक शंका होती म्हणून. चारच अध्यायांचं पत्र, सलग वाचलं. तीस वर्षांत सलग वाचलंच नव्हतं, त्यातली हवी ती ओळ तेवढी काढून वापरली होती. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत भेटला. फिलिप्पैच्या मंडळीने पौलासाठी काही देऊन पाठवलेला माणूस, तो येऊन इतका आजारी पडला की मरणाच्या दारी टेकला. तो गेला असता तर आपल्याला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल सरळ कबूल करतो. तिसऱ्यात त्याचं रडणं आहे. आणि चौथ्यात, माझ्या ठरलेल्या ओळीच्या थोडं पुढे, त्याला स्वतःला झालेला आनंद आहे. तो कशाने? त्यांनी त्याची आठवण ठेवली याने. एका परीने डबा पोचल्याची पोच आहे ती.

मग ‘करा’ या शब्दावर अडलो. आपल्या मराठीची गंमत अशी, की ‘करा’ एका माणसाला मान देऊनही म्हणतात आणि अनेकांनाही म्हणतात. मी तो कायम पहिल्या अर्थाने वाचला होता. काकू, तुम्ही आनंद करा. पत्र तर एका अख्ख्या मंडळीला लिहिलेलं. मूळ ग्रीकमधलं क्रियापदही अनेकवचनी आहे, हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. त्या अनेकांत एखादा रडत असेल, एखादी दोन महिने बोलली नसेल, आणि छपरावर कुणी हसत असेल. जिचा नवरा तीन दिवसांपूर्वी गेला तिच्या एकटीच्या डोक्यावर ते अख्खं क्रियापद ठेवायचा अधिकार मला कुणी दिला होता?

माझं दुःख यानंतर उतरलं असं लिहिलं तर खोटं होईल. मी अजून काही सकाळी उठत नाही. पण आनंद ही माझ्या एकट्याच्या छातीतली गोष्ट असायला हवी आणि ती तिथे नाही म्हणजे माझा विश्वास गेला, हा हिशोब मी सोडला. तो पुलापलीकडे कुणाकडे तरी असतो, हे मला आता ठाऊक आहे. मयताला जातो तेव्हा शास्त्र खिशात असतं, हातात पिशवी.

त्या नाताळात १९९४ च्या त्या बाईंना फोन लावला. त्या आता मुलाकडे ठाण्याला असतात. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो, मग घसा खाकरून माफी मागितली. त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो ते बोलायला नको होतं, म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता.

“तुम्ही आला होतात का सर?” त्या म्हणाल्या. “मला नाही आठवत. बाईंनी बारा दिवस भाकऱ्या पाठवल्या होत्या, तांदळाच्या. मुलं अजून आठवण काढतात. त्या कशा आहेत?”