नेटवर्क आहे का : होय / नाही

मागच्या दिवाळीत मुलगी बंगळूरहून आली ती माझ्यासाठी नवा फोन घेऊन. बाजारात येऊन त्याला जेमतेम दीड-दोन महिने झाले होते. माझा जुना फोन सहा वर्षांचा होता. काचेला तडा गेलेला, बॅटरी दुपारीच मान टाकणारी. पण लावला की लागायचा आणि कोणी लावला की वाजायचा. नव्या फोनचे रूप, कॅमेरा, वेग, सारेच दिपवणारे. फक्त घरात बसून बोलू लागलो की पलीकडच्याला माझा आवाज तुटक ऐकू यायचा. "बाबा, तुम्ही विहिरीतून बोलताय का?" असे मुलगीच एकदा म्हणाली. मी हसून सोडून दिले. फोन नवा आहे, रुळेल, असे वाटले. यंत्रे माणसांसारखी रुळत नाहीत, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कळायला हरकत नव्हती.

आम्ही नवा रायपूरला राहतो. २०१२ साली राज्याचे मंत्रालय जुन्या शहरातून इथल्या महानदी भवनात आले आणि हळूहळू आमच्यासारखी बिऱ्हाडेही आली. रुंद रस्ते, मोकळे आकाश, भक्कम काँक्रीटची घरे. जुन्या रायपुरात तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांत आजही गल्लीतून जाताना मराठी कानावर पडते. इथे मात्र मराठी बोलायची तर ती बहुतेक फोनवरच. आई आणि दादा नागपूरला. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. रोज रात्री नऊला आईशी बोलायचे हा माझा अनेक वर्षांचा नेम.

मे महिन्यातल्या एका रात्री इथे मोठे अंधड आले. पत्नी मुलीकडे गेली होती, घरात मी एकटाच. वीज गेली, इन्व्हर्टर चालू झाला. झोपण्यापूर्वी फोन पाहिला तर वायफायची खूण पूर्ण भरलेली होती. निश्चिंतपणे उशाशी ठेवून झोपलो. सकाळी साडेपाचला फिरायला म्हणून फाटकाबाहेर पडलो आणि पन्नासेक पावलांवर फोन थरथरू लागला. दादाचे अकरा मिस्ड कॉल. पहिला रात्री एक वाजून दहा मिनिटांनी केलेला.

आईला रात्री पक्षाघाताचा झटका आला होता. दुपारी मी नागपूरला पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती, मला तिने ओळखले, पण जीभ जड झालेली. रात्री दवाखान्यात नेईपर्यंत ती स्पष्ट बोलत होती आणि "त्याला लाव, मला बोलायचंय" असे दोन-तीनदा म्हणाली, हे दादाने मला दोन दिवसांनी सांगितले. त्याने ते आधी का सांगितले नाही, हे मी विचारले नाही.

परत आल्यावर मी या प्रकाराच्या मागे लागलो. चौकशी लावणे हा आमचा स्वभावच होऊन बसलेला असतो. शिवाय दुसरे काय करायचे हेही मला सुचत नव्हते. तात्यापाऱ्यातल्या एका परिचितांचा मुलगा दूरसंचार अभियंता आहे. तो रविवारी घरी आला, खोल्याखोल्यांतून फोन घेऊन हिंडला आणि मग त्याने मला दोन गोष्टी समजावून सांगितल्या.

पहिली गोष्ट काड्यांची. फोनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या काड्या म्हणजे काही मोजमाप नव्हे. खरे मोजमाप डीबीएम या एककात होते. उणे ७० म्हणजे उत्तम, उणे ११० म्हणजे जेमतेम. दिसायला हा फरक चाळीसचा. पण दर दहा अंकांमागे शक्ती दहापटीने घटते, म्हणजे प्रत्यक्षात फरक दहा हजारपटींचा. एवढा मोठा पल्ला चार-पाच काड्यांत कसा बसवायचा, याचा सर्वमान्य नियम नाही. ज्याने त्याने आपापल्या मताने ठरवायचे. म्हणजे एका फोनच्या तीन काड्या आणि दुसऱ्याच्या तीन काड्या यांत काही नाते असेलच असे नाही.

यावर त्याने २०१० सालचा एक गाजलेला प्रसंग सांगितला. त्या वर्षी २४ जूनला आयफोन-४ बाजारात आला. त्याचा अँटेना बाहेरच्या धातूच्या कडेतच होता, आणि विशिष्ट ठिकाणी हात लागला की रेंज पडायची. ओरड झाल्यावर २ जुलैला ॲपलने जाहीर पत्र काढून कबूल केले की, काड्या किती दाखवायच्या याचे आपले सूत्रच मुळात चुकीचे होते. जिथे दोन दाखवायला हव्यात तिथे चार दाखवल्या जात होत्या. पुढे १६ जुलैला स्टीव्ह जॉब्सने पत्रकार परिषद घेऊन ग्राहकांना फुकट कव्हरे देऊ केली. मला गंमत वाटली ती सूत्राच्या कबुलीची. आमच्याकडे आकडा चुकला तर सूत्र चुकले असे कोणी लिहून देत नाही.

दुसरी गोष्ट वायफायची. २०१९ च्या अखेरीपासून आपल्याकडे वायफायवरून साधे कॉल करण्याची सोय आली. जाड भिंतींच्या घरात ती वरदानच. पण फोन एकदा वायफायला चिकटला की ते दुबळे झाले तरी तो कधीकधी लवकर सोडत नाही. त्या रात्री अंधडात फायबरची तार कुठेतरी तुटली होती. राउटर मात्र इन्व्हर्टरवर सुखाने चालू. म्हणजे फोन ते राउटर हा दहा फुटांचा रस्ता उत्तम, आणि राउटरच्या पलीकडे काही नाही. फोनवरची वायफायची खूण पहिल्या दहा फुटांबद्दलच खरे बोलत होती. फोनने वेळेवर मोबाईलच्या जाळ्याकडे परतायला हवे होते, पण माझ्या झोपण्याच्या खोलीत तेही उणे ११५ च्या आसपास. शिवाय हा फोन ५जीचा. ५जीच्या ज्या लहरी सर्रास वापरल्या जातात त्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या, जुन्या ९०० च्या तुलनेत भिंतींपुढे लवकर हार मानणाऱ्या. नवा फोन चांगल्या वेगाच्या मोहाने दुबळे ५जी धरून बसतो, जुना बिचारा मुकाट्याने मिळेल ते घेतो.

"पण पूर्ण खूण दिसत होती," मी पुन्हा एकदा म्हणालो.

मुलगा म्हणाला, "काका, खूण दिसणे वेगळे."

हे वाक्य मी आधी ऐकले होते. याहून चांगल्या शब्दांत ऐकले होते.

२०१८ च्या पावसाळ्यात छत्तीसगढमध्ये संचार क्रांती योजना सुरू झाली. सुमारे ५० लाख महिला आणि विद्यार्थी यांना स्मार्टफोन द्यायचे अशी ती कल्पना. मायक्रोमॅक्सचे फोन आणि जिओचे सिम. वाटपाच्या समारंभांना 'मोबाईल तिहार' असे नाव दिले होते; तिहार म्हणजे सण. रांगेत उभ्या असलेल्या बायका नव्या कोऱ्या डब्या छातीशी धरून घरी जाताना मी पाहिल्या आहेत, आणि त्या योजनेवर कोणी कितीही टीका केली तरी ते दृश्य मी विसरणार नाही. डिसेंबरात सरकार बदलले आणि पुढे योजना थांबली. तो वेगळा विषय.

मी त्या वेळी ज्या कार्यालयात होतो त्याचे नाव इथे लिहीत नाही. गावोगावच्या महिलांच्या हाती फोन आलेच आहेत तर आपल्या सूचना त्यांवरच पाठवाव्यात, असे आमच्याकडे ठरले. त्यासाठी गाववार तक्ता मागवला गेला. त्यातला एक रकाना होता : नेटवर्क आहे का, होय / नाही. काही गावे मी स्वतः पाहिली. सिहावाच्या पुढे, जिथल्या डोंगरात महानदी उगम पावते त्या बाजूचे एक गाव होते. संध्याकाळ व्हायला आली होती, साल वनातला रस्ता, ड्रायव्हरची परतायची घाई. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभे राहून खिशातला फोन काढला. तीन काड्या. 'होय' वर खूण केली.

इथली गावे पाऱ्यांत विखुरलेली असतात. पारा म्हणजे आपली वाडी. या गावाचे चार पारे होते आणि त्यांपैकी दोन टेकडीच्या पाठीमागे, उतारावर. तिकडे मी गेलो नाही.

सहा-सात महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या गावी गेलो, तेव्हा उतारावरच्या पाऱ्यातली मितानिन भेटली. छत्तीसगढने २००२ साली गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका करण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या या मितानिन; मितानिन म्हणजे मैत्रीण. देशभरातल्या 'आशा' नंतरच्या. तिने पदराच्या गाठीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "साहेब, डंडी दिखथे, फेर गोठ नइ होवय." काडी दिसते, पण बोलणे होत नाही. गोठ हा शब्द आपल्या गोष्टीचाच भाऊबंद असावा.

मग तिने भाद्रपदातल्या एका रात्रीची हकीकत सांगितली. पाऱ्यातल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. गाडी बोलवायला १०२ लावायचा, तर फोन लागेना. ती मुलाला बरोबर घेऊन पावसात टेकडी चढली, वर मुरमाच्या खाणीजवळ बोलणे झाले. गाडी आली तोवर बाळ झाले होते. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. "मोर तो आदत हे," असेही ती म्हणाली. मला सवय आहे.

मी तिला तेव्हा हे सांगितले नाही की, तिच्या गावापुढे 'होय' मीच लिहिले आहे. परत येऊन तक्ता काढला. तेवढ्या काळात त्या तक्त्याच्या प्रती इतरांकडे गेल्या होत्या आणि नेटवर्क नसलेल्या गावांची कोणी यादी मागितली की ती त्यातूनच निघत होती. अर्थात हे गाव त्यात नव्हते. एका 'होय' चे 'नाही' करायला मला चार पत्रे आणि चौदा महिने लागले. एका पत्राला उत्तर आले की, माहिती अंतिम झाली असून तिच्यात बदल करता येत नाही. दुसऱ्याला, पुनर्पाहणीचा अहवाल जोडावा. पुनर्पाहणी मीच केली. या वेळी चारही पाऱ्यांत जाऊन, प्रत्येक ठिकाणी फोन लावून, पलीकडून कोणी बोलले तरच नोंद केली. चारपैकी दोन पाऱ्यांत कोणी बोलले नाही. त्या दोन पाऱ्यांसाठी रकानाच नव्हता, म्हणून ते शेऱ्यात लिहिले.

मधल्या काळात कोविड आला. एप्रिल २०२० मध्ये राज्याने 'पढई तुंहर दुआर' हे शाळेचे संकेतस्थळ काढले आणि लवकरच लक्षात आले की असंख्य दारांपर्यंत नेटवर्कच जात नाही. मग लाऊडस्पीकरवर वर्ग सुरू झाले, पाऱ्यापाऱ्यांत झाडाखाली वर्ग भरले, आणि 'बुलटू के बोल' नावाचा एक प्रकार निघाला. बुलटू म्हणजे ब्लूटूथ. बाजारच्या दिवशी एका फोनमधून दुसऱ्यात धडे उतरवून घ्यायचे आणि गावी नेऊन ऐकवायचे. ही युक्ती लोकांचीच होती, गाणी देण्याघेण्यासाठी ते आधीपासून हेच करत आले होते. माझ्या मते त्या वर्षातले आमच्या राज्यातले सर्वांत शहाणपणाचे सरकारी काम तेच. आधी माणसाच्या हातात काय आहे ते पाहिले आणि मग योजना केली.

शहरात लोक यासाठी भांडू तरी शकतात. कॉल तुटला की ग्राहकाला एक रुपया, दिवसाला कमाल तीन, असा नियम ट्रायने १ जानेवारी २०१६ पासून लागू केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मे २०१६ मध्ये रद्द केला. तो टिकला असता तरी त्या मितानिनला एक पैसाही मिळाला नसता. तुटायला आधी लागावा लागतो.

जुलै २०२२ मध्ये केंद्राने नेटवर्कविना राहिलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची ४जी योजना मंजूर केली. त्या बाजूलाही नंतर टॉवर उभा राहिला. माझ्या पत्रांमुळे की आणखी कशामुळे हे मी शोधले नाही. उतारावरच्या पाऱ्यात आता शाळेच्या अंगाला बोलणे होते, विहिरीच्या अंगाला होत नाही, असे तिथल्या ग्रामसचिवाने मला कळवले. मी त्याला विचारले, "स्वतः लावून पाहिलात?" तो म्हणाला, "सर, तिथूनच बोलतोय."

घरात आता मी ५जी बंद केले आहे, राउटर बदलला आहे, आणि जुन्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम घालून तो रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतो. तिथे उणे ९२ येते; मी वहीत लिहून ठेवले आहे. दादाकडे दोन्ही नंबर आहेत.

नऊ वाजता आईला फोन लावतो. तिची जीभ पुष्कळ सुटली आहे, पण शब्द हळू येतात आणि मध्येच थांबतात. पहिले काही दिवस ती थांबली की मी फोन कानापासून दूर करून काड्या पाहत असे. आता पाहत नाही. त्या रात्री काय सांगायचे होते, असे मी तिला एकदा विचारले. तिला आठवत नाही. "असेल काहीतरी," ती म्हणाली, "तू जेवलास का?"