लोखंडी वॉटसन

मुंबईच्या काळा घोडा चौकात एक म्हातारा उभा आहे. हाडं लोखंडाची, जन्म इंग्लंडातला. कागदोपत्री तो एस्प्लनेड मॅन्शन. मी त्याला हॉटेल असतानाच्या जुन्या नावानेच हाक मारतो, वॉटसन.

त्याचा मालक जॉन वॉटसन कापडाचा व्यापारी. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला आणि मुंबईत पैसा वाहू लागला, त्याच दशकात या हॉटेलची जुळवाजुळव झाली. मी बोरी अरबकडचा, कापसाच्या काळ्या रानातला. हे नातं मला विसरता येत नाही.

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या छपरातही त्याचा हात होता. खांब-तुळया तिकडे ओतल्या, जहाजाने आणल्या आणि १८६७ ते १८६९ दरम्यान इथे जोडल्या. सगळा भार सांगाड्यावर, विटांच्या भिंती नुसत्या आडोशाला. उंच इमारती पुढे ज्या रीतीने उभ्या राहिल्या, ती रीत याच्या अंगात तेव्हाच होती. सुमारे १३० खोल्या, रुंद बाल्कन्या, मधोमध काचेच्या छताखालचा चौक.

जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून ताज उभं राहिलं, ही गोष्ट सगळे सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही. खरी मोठी गोष्ट ७ जुलै १८९६ ची. त्या संध्याकाळी एक रुपया तिकीट देऊन आलेल्यांनी इथे ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पाहिली, भारतात पहिल्यांदाच. मुंबईतल्या त्या खेळांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावे दादा, असे भारावले की त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि कुस्ती चित्रित केली.

पुढे हॉटेल बंद पडलं. खोल्यांत फळ्या ठोकून वकिलांच्या कचेऱ्या आणि बिऱ्हाडं शिरली; कोर्ट जवळच. भाडं तुटपुंजं, डागडुजी कुणाचीच नाही. २००५ च्या पावसाळ्यात दर्शनी भाग कोसळला, त्यात एक जीव गेला. २००६ साठीच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या यादीत धोक्यातल्या १०० वास्तूंत त्याचं नाव आलं. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने तो पाडावा असं सुचवलं.

मला ते पटत नाही. तो सुट्या भागांतून उभा राहिला; तसाच एकेक भाग तपासावा, गंजलेला बदलावा, धड असलेला जागेवर ठेवावा. खर्च मोठा येईल. मुंबईने तो करावा.